एक गाणं गाजलं आणि गाणाराच पळाला : 'यू गेट व्हॉट यू गिव्ह' आणि ग्रेग अलेक्झांडर

शेवकांदा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात लेक मोबाइल नाचवत आली. "बाबा, हे नवीन गाणं बघ, सगळे यावरच रील करतायत." बघितलं तर ब्रिटिश गायिका सोफी एलिस-बेक्स्टरचं 'मर्डर ऑन द डान्सफ्लोर'. म्हटलं, बाई, हे तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठं आहे, नवीन कसलं? 'सॉल्टबर्न' नावाच्या सिनेमाच्या शेवटी ते वाजतं आणि तिथून ते पुन्हा उधळलंय. (तो सिनेमा घरच्यांबरोबर बघायला बसू नका. का, ते विचारू नका.) 2001 साली ब्रिटनच्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं होतं, 2024च्या जानेवारीत परत दुसऱ्याच क्रमांकावर. बावीस वर्षांनी त्याच पायरीवर.

कुठलंही गाणं आवडलं की कुणी लिहिलंय ते बघायची मला खोड आहे. दोन नावं होती. एक सोफी स्वतः, दुसरा ग्रेग अलेक्झांडर. आणि मी एकदम 1999च्या सांगलीत जाऊन पडलो.

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एकच टीव्ही आणि साठ पोरं. मे-जूनमध्ये वर्ल्ड कप, त्यामुळे गाण्यांचं चॅनल लावायचं तर मॅच संपल्यावर किंवा पावसाने थांबल्यावर. असाच एकदा इंग्लंडात पाऊस पडत होता आणि आमच्याकडे एक गाणं लागलं. बादलीसारखी टोपी कपाळावर ओढलेला एक लंबू मॉलमध्ये धुमाकूळ घालतोय, त्याच्यामागे पोरांची झुंड. तो लंबू म्हणजे ग्रेग, त्याचा बँड न्यू रॅडिकल्स, गाणं 'यू गेट व्हॉट यू गिव्ह'. पुढचे चार दिवस मी टेपरेकॉर्डर घेऊन टीव्हीखाली बसलो. पाचव्या दिवशी गाणं लागलं, मी लाल बटण दाबलं आणि मधोमध मेसची घंटा झाली. ती घंटा त्या कॅसेटवर कायमची आहे. आजही मूळ गाणं ऐकताना त्या जागी घंटा वाजली नाही की चुकल्यासारखं होतं.

त्याच वर्षी जुलैत बँड बंद झाला. एकच आल्बम, 'मेबी यू हॅव बीन ब्रेनवॉश्ड टू', ऑक्टोबर 1998चा. गाणं कॅनडात पहिलं, ब्रिटनमध्ये पाचवं, अमेरिकेत छत्तिसावं. दुसरं गाणं बाजारात यायच्या आधीच ग्रेगने जाहीर करून टाकलं की मी थांबतोय. सतत फिरणं, रेडिओवाल्यांशी आणि दुकानदारांशी गोडगोड बोलणं याचा त्याला वीट आला होता. वय वर्षं 29.

आपण तेव्हा म्हणालो, संपला बिचारा. तो संपला नव्हता. तो नुसता पडद्यामागे गेला होता आणि पुढची पंचवीस वर्षं आपण त्याचीच गाणी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होतो. रोनन कीटिंगचं 'लाइफ इज अ रोलरकोस्टर' (2000, ब्रिटनमध्ये पहिलं), गिटारिस्ट सान्ताना आणि गायिका मिशेल ब्रँचचं 'द गेम ऑफ लव्ह' (2002), आणि लेकीचं हे 'नवीन' गाणं. सगळ्यांत हाच.

धागा यासाठी की या माणसाबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही. आठवणी, माहिती, भांडण, सगळं येऊ द्या.

---

निवांत नाना

शेवकांदा, लेख वाचला. गाणं ऐकलेलं नाही, ऐकायची इच्छाही नाही. एक गाणं चाललं आणि माणूस पळाला, यात कौतुक काय? आमच्याकडे माणसं आयुष्यभर गायली आणि त्यांच्यावर कुणी धागे काढले नाहीत.

एक मुद्दा मात्र पटला. 'कुणी लिहिलंय ते बघायची खोड' म्हणालात. ती खोड आमच्या पिढीला आकाशवाणीने लावली. गाणं लागायच्या आधी निवेदिका गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायची, सकाळी चहा गाळता गाळता ती पाठ व्हायची. तुमच्या इंग्रजी चॅनलवर कोपऱ्यात पाटी यायची तिच्यात गायक, गाणं, कंपनी. लिहिणारा गायब.

---

चौथी तार

नाना, ऐकून तर बघा. पाच मिनिटंच लागतील.

मी पोरांना गिटार शिकवतो, दरवर्षी कुणीतरी हे गाणं घेऊन येतंच. ऐकताना सोपं वाटतं आणि वाजवायला बसलं की कळतं, सगळी मजा पुढे ढकलणाऱ्या लयीत आहे. सुरुवातीला तो आकडे मोजतो ना, वन टू थ्री करत, आणि मधेच ओरडतो, ते मुद्दाम ठेवलंय. पियानो ठोके देत असतो, एखादं लहान पोर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या सोडून उतरतंय असा. आणि ध्रुवपदात आवाज चढत चढत अशा जागी जातो की तो फाटेल असं वाटतं, पण फाटत नाही. हेच मी पोरांना सांगतो, की फाटायची भीती ऐकणाऱ्याला वाटली पाहिजे, गाणाऱ्याला नाही.

ज्यांना जुनं रॉक माहीत आहे त्यांना यात अमेरिकी गायक-संगीतकार टॉड रंडग्रेन ऐकू येईल. गंमत म्हणजे बँडचं दुसरं गाणं 'समडे वी'ल नो', जे बँड मोडल्यावर बाहेर आलं, ते पुढे हॉल अँड ओट्स या अमेरिकी जोडीने 2003च्या आल्बमवर गायलं आणि त्यात त्यांच्या जोडीला खुद्द रंडग्रेन आहे. ज्याच्यावरून शिकला त्यानेच त्याचं गाणं म्हटलं.

आणि यू-टू या आयरिश बँडचा गिटारिस्ट द एज म्हणाला होता की ज्या गाण्याचा सर्वांत जास्त हेवा वाटतो ते हे, आपण लिहायला हवं होतं. आता यावर नाना म्हणतील, द एज कोण.

---

निवांत नाना

द एज कोण?

---

अर्धा कप

नाना :-D

मला हे गाणं आठवतं ते शेवटच्या शिव्यांमुळे. बेक, हॅन्सन, कोर्टनी लव्ह, मॅरिलिन मॅन्सन, या गाजलेल्या अमेरिकी गायकांना एका दमात नावं घेऊन ठोकून काढायची धमकी दिलीय. आम्हाला नाशकात बसून ती नावं कळायचीच नाहीत. माझी मैत्रीण 'हॅन्सन'च्या जागी बिनधास्त 'हँडसम' म्हणायची. पण खरं सांगू? मोठी झाल्यावर तो भाग मला स्वस्त वाटला. इतकं छान, धीर देणारं गाणं आणि शेवटी शाळेच्या मैदानावरची मारामारी.

---

शेवकांदा

अर्धा कप, तिथेच तर गोम आहे. त्या नावांच्या आधीच्या दोन ओळी नीट ऐका. आरोग्य विम्याच्या नावाने चाललेली लूट, औषधांना परवाने देणारं सरकारी खातं, बडे बँकवाले, असं सगळं आधी येतं आणि मग ही चार नावं. ग्रेगने नंतर सांगितलं की ती एक चाचणी होती. आधी गंभीर मुद्दे टाकले, लगेच प्रसिद्ध गायकांची भांडणं टाकली, आता बघू वर्तमानपत्रवाले काय उचलतात ते.

काय उचललं असेल ते सांगायला नको. विम्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मॅरिलिन मॅन्सनला जाऊन विचारलं, तर तो म्हणाला की धमकीचं काही नाही, पण कोर्टनी लव्हबरोबर एका वाक्यात माझं नाव नको होतं.

म्हणजे तू, मी आणि तुझी ती हँडसम मैत्रीण, आपण सगळे त्या चाचणीत नापास.

---

अर्धा कप

हे माहीत नव्हतं. पण चाचणीच घ्यायची होती तर ते आधीच ठरलं होतं की टीका झाल्यावर सुचलं? गीतकार मंडळी मागाहून अर्थ चिकटवण्यात पटाईत असतात.

---

चौथी तार

शंका रास्त आहे. पण बेक एकदा सांगत होता की सुपरमार्केटमध्ये ग्रेगशी गाठ पडली आणि ग्रेगने तिथल्या तिथे माफी मागितली, वैयक्तिक काही नव्हतं म्हणाला. आणि हॅन्सन बंधूंच्या 2004च्या 'अंडरनीथ' आल्बमवरचं 'लॉस्ट विदाउट ईच अदर' ग्रेगने त्यांच्याबरोबर बसून लिहिलंय. ज्यांना मारायच्या गोष्टी केल्या त्यांच्याच घरी जाऊन पंगतीला बसला.

---

एडिसनची सून

मी न्यू जर्सीत राहते. धागा वाचून सांगायलाच हवं म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं (पासवर्ड तीनदा चुकला). तो व्हिडिओवाला मॉल म्हणजे स्टेटन आयलंड मॉल. आमच्याकडून गोथल्स पूल ओलांडला की आलाच. पडदे परत करायला गेले होते आणि नवऱ्याने कार लावता लावता सांगितलं, की अगं तो टोपीवाला इथेच नाचलाय. मी एस्केलेटरपाशी उभी राहून फोनवर व्हिडिओ लावला आणि कुठला कोपरा कुठला ते जुळवत बसले. काही जुळलं नाही, सगळं नवीन चकचकीत झालंय. शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्यांना वाटलं मी हरवलेय.

व्हिडिओत पोरं प्राण्यांच्या दुकानातले पिंजरे उघडून कुत्री सोडतात, सुटाबुटातल्या लोकांवर जाळी टाकतात. ग्रेगच्या मते मॉल म्हणजे आपला समाजच. सगळं आखीव, खोटं, तुम्ही पैसे खर्च करावेत म्हणून रचलेलं. मी पडद्यांचे पैसे परत घेतले आणि त्याच पैशात उशांचे अभ्रे घेऊन बाहेर पडले. म्हणजे ग्रेगचं म्हणणं बरोबरच होतं.

---

कडबोळी

या गाण्याचा दुसरा अध्याय कुणी सांगितला नाही अजून.

बायडन यांचा थोरला मुलगा बो मेंदूच्या कॅन्सरने 2015 साली गेला. वडिलांनी 2017 साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं, त्यात हे गाणं आहे. आजारपणात बो सकाळी नाश्त्याला बसला की वडिलांना हे गाणं ऐकवायचा. त्याने ते आपलं गाणं मानलं होतं. मला वाटतं, मुलगा गाणं स्वतःसाठी नाही, वडिलांसाठी लावत असावा.

मग 20 जानेवारी 2021ला, शपथविधीच्या दिवशी, न्यू रॅडिकल्स बावीस वर्षांनी पुन्हा एकत्र आले आणि हे एक गाणं वाजवून परत गेले. करोनामुळे संचलन पडद्यावरच होतं, त्यातच. मी रात्री जागून बघत होते. ग्रेग पन्नाशीचा, डोक्यावर टोपी तशीच. राजकारण कुणाला पटो न पटो, त्या पाच मिनिटांत मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. माझा भाऊही त्याच आजाराने गेला, म्हणून असेल.

---

शेवकांदा

कडबोळीताई, _/\_

---

निवांत नाना

कडबोळी, वाईट वाटलं वाचून.

गाणं ऐकलं. कानाच्या मशीनवर इंग्रजी शब्द नीट लागत नाहीत. गोंगाट आहे. पियानो चांगला आहे.

---

चौथी तार

नानांकडून 'चांगला' म्हणजे इतरांचं फिल्मफेअर!

---

टांगेवाला

मी हिशेबातला माणूस, म्हणून वेगळ्या खिडकीतून बघतो. 'पळाला', 'पडद्यामागे गेला' हे ठीक आहे, पण पैशाच्या दृष्टीनेही हे वेडेपण नव्हतं. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी मिळते ती गीत-संगीत लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला रेडिओकडून छदाम मिळत नाही, तिथला कायदाच तसा आहे. म्हणजे ग्रेगने रेडिओवाल्यांशी हसून बोलायचं सोडलं, आणि तरी रेडिओ त्याला पैसे देतच राहिला. रोलरकोस्टर वाजलं, पैसे. गेम ऑफ लव्ह वाजलं, पैसे. गावोगाव फिरायला मिशेल ब्रँच आणि सान्ताना होतेच.

आपल्याकडे उलटं होतं. गीतकाराला एकदाच पाकीट द्यायचं आणि त्यात सगळे हक्क लिहून घ्यायचे. 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीने ते बदललं, आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा सोडून देताच येत नाही, सही केली तरी. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते. माझ्या ओळखीचे एक मराठी गीतकार आहेत, दुरुस्तीनंतर काही वर्षांनी त्यांना पहिली रॉयल्टी मिळाली ती चारशे काही रुपये. त्यांनी तो चेक वटवलाच नाही, झेरॉक्स काढून भिंतीवर लावलाय.

---

अर्धा कप

टांगेवाला, +१. मग गायिका नताशा बेडिंगफिल्डचं 'अनरिटन'पण याचंच ना? तेही एका सिनेमामुळे परत वर आलंय. ग्रेगचा दुहेरी दिवाळी बोनस!

---

शेवकांदा

थोडं चुकलं, पण चूक भारी आहे. 'अनरिटन' (2004) ग्रेगचं नाही, डॅनिएल ब्रिसबॉइसचं आहे. नताशा आणि वेन रॉड्रिग्ज यांच्याबरोबर तिने लिहिलं. आणि ही डॅनिएल म्हणजे न्यू रॅडिकल्सचा दुसरा अर्धा भाग. बँड म्हणायला बँड, बाकी वादक यायचे-जायचे, कायमची माणसं हीच दोघं. लहानपणी ती टीव्हीवर काम करायची.

आता बघा, 'सॉल्टबर्न'ने एकाचं गाणं वर काढलं आणि 'एनीवन बट यू'ने दुसरीचं, एकाच हिवाळ्यात. 1999 साली गुंडाळलेल्या बँडमधली दोघंही 2024च्या यादीत, आणि दोघांचीही नावं कुणाला माहीत नाहीत. हे जर मी गोष्टीत लिहिलं असतं तर संपादकाने 'योगायोग फार' म्हणून परत पाठवलं असतं.

'बिगिन अगेन' सिनेमातलं 'लॉस्ट स्टार्स'ही या दोघांचंच. 2015च्या ऑस्करला नामांकन होतं, मिळालं 'सेल्मा'मधल्या 'ग्लोरी'ला. आणि त्या सिनेमात एक बाई गाणं लिहिते आणि तिचा गायक प्रियकर तेच गाणं भरल्या सभागृहात गाऊन टाळ्या घेतो. ही गोष्ट त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नसेल.

---

चौथी तार

सान्तानाच्या गाण्याची एक गंमत राहिली. ते आधी टीना टर्नरने गाऊन ठेवलं होतं. पण बाजारात आलं मिशेल ब्रँचचं, त्याला ग्रॅमी मिळालं, आणि टीनाचं 2007 साली सान्तानाच्या संग्रहात आलं. दोन्ही लागोपाठ ऐका. मिशेल विनवते, टीना बजावते. शब्द तेच. गीतकाराच्या हातात किती असतं आणि किती नसतं ते तिथे कळतं.

---

अर्धा कप

शेवकांदा, चुकीची दुरुस्ती केल्याबद्दल धन्यवाद. आता माझा खरा प्रश्न. गाण्याचं नाव मराठीत काय होईल? 'करावे तसे भरावे'?

---

निवांत नाना

'पेराल तसे उगवेल'. विषय संपला.

---

कडबोळी

नाही हो नाना. 'करावे तसे भरावे' म्हणजे दम दिल्यासारखं, आजी बोट नाचवत म्हणायची तसं. 'पेराल तसे उगवेल'मध्येही वाट बघणं आहे, पाऊस-पाणी आहे. गाण्यात कसलीच वाट बघणं नाही. तो पोरांना म्हणतोय, तुझ्यात सूर आहे, सोडू नकोस, आत्ता दे.

---

टांगेवाला

'जेवढं घालाल तेवढं निघेल'. आमच्या गावचा गुऱ्हाळवाला उसाबद्दल म्हणायचा.

---

एडिसनची सून

गुऱ्हाळवाल्याला माझं मत!

---

निवांत नाना

टांगेवाला यांचं मान्य. व्याकरण शुद्ध आहे.

एक विचारायचं होतं. तो टोपी का घालतो? टक्कल?

---

शेवकांदा

नाना, ग्रेगचं बँड सोडतानाचं म्हणणं होतं की एकाच गाण्याचा बँड घेऊन स्टेजवर उभं राहायचा उत्साहच संपलाय, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून टोपी ओढून गात होतो. त्याआधी दोन आल्बम आपटले होते, 1989 आणि 1992 साली. मिशिगनमधून पोरसवदा वयात निघालेला माणूस, दहा वर्षं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा तोंड लपवायची वेळ आली.

---

निवांत नाना

बरं. टक्कल नाही एवढं कळलं.

---

शेवकांदा

धागा वर काढतोय, शेवटची नोंद.

काल माळ्यावरून ट्रंक काढली. कॅसेट सापडली, पाठीवर माझ्या अक्षरात 'न्यू रॅडिकल, टीव्हीवरून, कुणी पुसू नये'. टेपरेकॉर्डरचा बेल्ट तुटलेला, तो बदलून आणला. लेकीला शेजारी बसवलं. आधी खरखर, मग इंग्लंडातल्या पावसाबद्दल कुणीतरी काहीतरी बोलतंय, मग वन टू थ्री. लेक म्हणाली, आवाज बादलीतून आल्यासारखा येतोय. म्हटलं, थांब.

दुसऱ्या अंतऱ्यात घंटा झाली. आणि घंटेमागे, इतकी वर्षं कधी नीट ऐकलं नव्हतं, एक पोरगा ओरडतोय : "चला रे, आज शेवग्याची आमटी!"

तो पोरगा कोण ते ओळखलं. आज रात्री फोन करणार आहे.